प्रकाश निम्म्यावर आला म्हणजे नेमकं काय झालं? न्यूट्रोफिल, ल्युमिनॉल आणि आकड्यांचं वाचन

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी निरोगी माणसांच्या रक्तातून न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) वेगळे काढले, त्यात ल्युमिनॉल हे प्रकाश देणारं रसायन घातलं, पीएमए हे चेतक रसायन देऊन पेशींना चेतवलं आणि ल्युमिनोमीटरवर प्रकाश मोजला. ज्या पेशींना आधी गुळवेलीचा अर्क दिला होता त्यांचा प्रकाश निम्म्यावर आला. मार्गदर्शक म्हणतात, ‘दाहशामक परिणाम’ असं लिहा. सहकारी मैत्रीण म्हणते, पांढऱ्या पेशी दुबळ्या झाल्या. त्यात सोमवारचे आकडे गुरुवारी जुळत नाहीत. शिवाय बालरोग विभागाने विचारलंय की क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज (सीजीडी) या पांढऱ्या पेशींच्या जन्मजात आजाराचा संशय असलेल्या मुलाचं रक्त याच पद्धतीने तपासता येईल का.

आत्ता तुमच्या हातात असलेल्या आकड्यांवरून मार्गदर्शकांचंही म्हणणं सिद्ध होत नाही आणि मैत्रिणीचंही. अर्काने पेशींचं काम खरंच मंदावलं असेल. पण अर्काने पेशी मारल्या असतील, पेशींनी नेहमीसारखा तयार केलेला पेरॉक्साइड वाटेतच टिपला असेल, किंवा अर्काच्या रंगाने प्रकाश नुसता गिळला असेल, तरीही आकडा असाच निम्म्यावर येतो. यंत्राला या चार गोष्टींतला फरक कळत नाही, तो आपल्याला प्रयोगाच्या मांडणीतून काढावा लागतो. म्हणून आधी हा प्रकाश येतो कुठून ते नीट बघू.

न्यूट्रोफिलने जंतू गिळला की त्याचा ऑक्सिजनचा वापर एकदम वाढतो. बॉल्ड्रिज आणि जेरार्ड यांनी हे 1933 मध्ये कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत दाखवलं होतं. पेशीला जास्त ऊर्जा लागते म्हणून हा जादा श्वास, असा तेव्हा समज झाला. 1959 मध्ये स्बारा आणि कार्नोव्स्की यांच्या कामातून दिसलं की जंतू गिळायला लागणारी ऊर्जा ग्लायकोलिसिसमधून, म्हणजे ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडण्यातून, येते. मग हा ऑक्सिजन जातो कुठे? 1961 मध्ये क्वास्टेल यांच्या गटाने त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो हे दाखवलं आणि 1973 मध्ये बॅबिअर आणि सहकाऱ्यांनी त्याच्याही आधीची पायरी, म्हणजे सुपरऑक्साइड, दाखवली. या दोन शोधांच्या मधल्या काळात, 1972 मध्ये, रॉबर्ट ॲलन आणि सहकाऱ्यांनी जंतू गिळणाऱ्या मानवी न्यूट्रोफिलमधून प्रत्यक्ष प्रकाश बाहेर पडतो हे मोजून दाखवलं. तो प्रकाश फार अंधूक होता. त्यामुळे काही वर्षांतच त्याच्या जोडीला ल्युमिनॉल आलं, आणि आज आपण जी चाचणी करतो ती मुळात तीच.

पेशीत घडतं ते असं. एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचं यंत्र एरवी सुट्या भागांत पडून असतं. जीपी91 आणि पी22 हे दोन भाग पटलात बसलेले, तर पी47, पी67, पी40 आणि रॅक2 पेशीद्रवात. चेतना मिळाली की पी47 वर फॉस्फेट चढतात, सगळे भाग पटलाशी येऊन जुळतात आणि ऑक्सिजनला एक इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड बनवू लागतात. सुपरऑक्साइडचा लगेच हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. मग मायलोपेरॉक्सिडेज (एमपीओ) हे एन्झाइम पेरॉक्साइड आणि क्लोराइड वापरून हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. एमपीओ न्यूट्रोफिलमध्ये इतकं भरलेलं असतं की पेशीच्या कोरड्या वजनात त्याचा वाटा 5 टक्क्यांच्या घरात जातो. पुवाला जी हिरवट छटा असते ती याच एन्झाइमची.

ल्युमिनॉल या साखळीत शेवटी येतं. पेरॉक्सिडेज आणि पेरॉक्साइड एकत्र भेटले की ल्युमिनॉलचं ऑक्सिडीकरण होतं, त्यातून उत्तेजित अवस्थेतला अमिनोथॅलेट तयार होतो आणि तो मूळ अवस्थेत येताना साधारण 425 नॅनोमीटरचा निळा प्रकाश सोडतो. थोडक्यात, ल्युमिनॉलचा प्रकाश ऑक्सिडेज आणि एमपीओ या दोघांच्या कामावर मिळून अवलंबून असतो. स्वतः करून बघण्यासारखी गोष्ट आहे: पीएमएने चेतवलेल्या पेशींत सोडियम अझाइड घाला. एमपीओ बंद पडतं आणि ल्युमिनॉलचा आलेख कोसळतो. त्याच पेशींत सायटोक्रोम सी (सुपरऑक्साइडने रंग बदलणारं प्रथिन) घालून 550 नॅनोमीटरवर सुपरऑक्साइड मोजा, तो तयार होतच असतो. पेशींचा ‘बर्स्ट’, म्हणजे ऑक्सिजनचा तो एकदम वाढलेला वापर, चालू, प्रकाश मात्र गेलेला. हे दोन आलेख शेजारी ठेवून एकदा पाहिले की ‘प्रकाश कमी म्हणजे बर्स्ट कमी’ असं पुन्हा लिहवत नाही. (अझाइड विषारी आहे आणि आम्लात मिसळलं तर घातक वायू सोडतं, शिवाय तांबं-शिशाच्या नळ्यांत साठलं तर स्फोटक होतं. सिंकमध्ये ओतू नका.)

दुसरी गोष्ट जागेची. ल्युमिनॉल पेशीपटलातून आत जातं, त्यामुळे त्याचा प्रकाश आतला आणि बाहेरचा मिळून असतो. त्याचाच भाऊबंद आयसोल्युमिनॉल, अमिनो गट एक घर सरकलेला. तो पाण्याला जास्त धार्जिणा असल्याने आत फारसा शिरत नाही. त्याच्या जोडीला हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे वनस्पतीतलं एन्झाइम बाहेरून भरपूर घातलं की पेशीने बाहेर सोडलेल्या ऑक्सिडंटचाच हिशेब मिळतो आणि एमपीओ किती बाहेर पडलं यावरचं अवलंबित्वही सुटतं. उलट आतलं तेवढं हवं असेल तर ल्युमिनॉलसोबत सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटालेज घाला. ही दोन्ही प्रथिनं मोठी आहेत, पेशीत शिरत नाहीत. बाहेरचं सगळं ती पुसून टाकतात आणि उरतो तो आतला प्रकाश. पीएमए दिल्यावर आतला वाटा बराच मोठा असतो. एफएमएलएफ हा दुसरा चेतक (त्याबद्दल पुढे येतंच) दिल्यावर बहुतेक प्रकाश बाहेरचा असतो. तुम्ही नुसतं ल्युमिनॉल आणि नुसतं पीएमए वापरलंय, म्हणजे हे दोन्ही वाटे एकाच आकड्यात मिसळलेत.

ल्युसिजेनिन या प्रकाश देणाऱ्या दुसऱ्या रसायनाबद्दलही विचारलं जातं. ते सुपरऑक्साइडला प्रतिसाद देतं आणि त्याला एमपीओ लागत नाही, हा फायदा खरा. पण जास्त प्रमाणात वापरलं तर ते स्वतःच इलेक्ट्रॉन इकडून तिकडे करून नवा सुपरऑक्साइड बनवतं. जुन्या लेखांत 100 मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त प्रमाण दिसतं. वापरायचंच असेल तर 5 मायक्रोमोलरच्या आसपास राहा. माझं मत विचाराल तर आयसोल्युमिनॉल आणि सायटोक्रोम सी ही जोडी असताना न्यूट्रोफिलसाठी ल्युसिजेनिनच्या वाटेला जायची गरज नाही.

चेतक कोणता निवडता यावर तर अर्धा प्रबंध ठरतो. पीएमए पेशीच्या बाहेरचे सगळे रिसेप्टर ओलांडून थेट प्रोटीन कायनेज सी ला हात घालतं. मिनिटभर काही होत नाही, मग आलेख चढू लागतो, 10 ते 15 मिनिटांत माथ्याला जातो आणि बराच वेळ तिथेच रेंगाळतो. एफएमएलएफ हे जंतूंच्या प्रथिनांच्या टोकासारखं छोटं पेप्टाइड. त्याचा प्रकाश काडी ओढल्यासारखा: मिनिटाच्या आत भडकतो आणि 5 मिनिटांत विझलेला असतो. ऑप्सोनाइज्ड झायमोसान, म्हणजे सीरममध्ये भिजवून धुतलेले यीस्टच्या भित्तिकेचे कण, पेशीला प्रत्यक्ष गिळावे लागतात, म्हणून तो आलेख सावकाश चढतो. अर्काने रिसेप्टरवर परिणाम केला असेल तर पीएमएच्या आलेखात तो दिसणारच नाही. ऑक्सिडेजवरच केला असेल तर तिन्हींत दिसेल. त्यामुळे एकाच चेतकावर ‘दाहशामक’ हा शब्द टाकणं घाईचं ठरतं.

इथे प्लेट रीडरची एक खोच सांगायला हवी. एफएमएलएफ मल्टिचॅनेल पिपेटने प्लेटच्या 96 वेलमध्ये (छोट्या खळग्यांत) घालून, झाकण काढून, प्लेट यंत्रात सरकवून पहिलं वाचन येईपर्यंत दीडएक मिनिट सहज जातं. तोवर माथा होऊन गेलेला असतो, आणि आपण उताराला माथा समजून लिहून ठेवतो. यंत्रात इंजेक्टर असेल तरच एफएमएलएफ करा, आणि तेही एका वेळी थोड्याच वेलमध्ये. पूर्ण प्लेट वाचायला यंत्र 2 मिनिटं घेत असेल तर प्रत्येक वेलला 2 मिनिटांनी एक बिंदू मिळतो. पीएमएला तेवढं चालतं, एफएमएलएफला नाही.

आता सोमवार आणि गुरुवार. ल्युमिनोमीटरचं एकक ‘सापेक्ष’ असतं, म्हणजे तो आकडा त्या यंत्राचा, त्या गेनचा (संवेदनशीलतेच्या सेटिंगचा) आणि त्या प्लेटचा. पांढऱ्या प्लेटवर आणि काळ्या प्लेटवर एकाच नमुन्याचे आकडे कित्येक पटींनी वेगळे येतात. त्यामुळे कच्चे आकडे दोन दिवसांत जुळावेत ही अपेक्षाच सोडा. त्याच दिवशीचा, त्याच प्लेटवरचा निरोगी कंट्रोल हा 100 धरून टक्केवारी काढा. तरीही टक्केवारी हलत असेल तर पेशी हाताळताना काहीतरी होतंय.

पहिला संशय रक्त घेतलेल्या नळीवर घ्या. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधलं जातं आणि प्रतिसाद पडतो. हेपारिनची हिरव्या टोपणाची नळी घ्या. रक्त फ्रिजमध्ये ठेवू नका, बर्फावर आणू नका, खोलीच्या तापमानाला ठेवून काही तासांत वापरा. बफरमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ग्लुकोज हवं, फिनॉल रेड नको. प्लेट 37 अंशांवर आधी तापवून घ्या. मे महिन्यातल्या आणि एसी जोरात चालू असलेल्या खोलीतल्या प्लेटचे आलेख मला वेगळे दिसतात, आणि त्यात पेशींचा काही दोष नसतो.

दुसरा संशय ‘प्रायमिंग’वर. न्यूट्रोफिल अतिशय हळवी पेशी आहे. जोरात सेंट्रिफ्यूज केलं, पेलेट व्हॉर्टेक्स केला, तांबड्या पेशी फोडण्यासाठी साध्या पाण्यात सेकंदभर जास्त ठेवल्या, की ती अर्धवट चेतलेल्या अवस्थेत जाते. मग पुढच्या चेतनेला दुप्पट उसळते किंवा आधीच दमलेली असते. बफरमध्ये नखाएवढं एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या भित्तिकेतलं विष) असलं तरी एफएमएलएफचा प्रतिसाद फुगतो. हे ओळखायची खूण म्हणजे चेतक न घातलेली वेल. तिचा आलेख सपाट, तळाशी हवा. तो स्वतःहून चढत असेल तर त्या दिवसाचा प्रयोग बाजूला ठेवा, कितीही मेहनत झालेली असो.

तिसरा मुद्दा तांबड्या पेशींचा, आणि तो वाटतो त्यापेक्षा जास्त गुंतागुंतीचा आहे. ऑक्सिहिमोग्लोबिन 415 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश सर्वांत जास्त शोषतं, म्हणजे ल्युमिनॉल जिथे उजळतं जवळपास तिथेच. तांबड्या पेशींतलं कॅटालेज पेरॉक्साइड खातं. आणि त्या फुटल्या तर बाहेर आलेलं हीम स्वतःच ल्युमिनॉल पेटवतं; गुन्ह्याच्या जागी रक्ताचे डाग शोधायला ल्युमिनॉल फवारतात ते याच गुणामुळे. म्हणजे तांबड्या पेशींमुळे प्रकाश कमीही होतो आणि वाढतोही, आणि कोणता परिणाम वरचढ ठरेल हे दर वेळी वेगळं. पेलेट गुलाबी दिसत असेल तर पुढे जाऊ नका. पूर्ण रक्तावर चाचणी करायची असेल तर ते 50 ते 100 पट विरळ करूनच करा, आणि आकडा न्यूट्रोफिलच्या संख्येने भागा. त्याच दिवशीचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) जोडलेला नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

आता तुमचा अर्क. पुढचा प्रयोग पेशींशिवाय करा. वेलमध्ये ल्युमिनॉल, हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घाला, त्यात अर्काचं तेच प्रमाण. इथेही प्रकाश निम्म्यावर आला तर अर्क रसायनालाच गाठतोय, पेशींचा संबंध आलेलाच नाही. वनस्पतींच्या अर्कांत फिनॉलिक पदार्थ असतातच आणि ते हा खेळ हमखास करतात. त्यांतले काही तर बफरमध्ये स्वतःच ऑक्सिडाइज होऊन पेरॉक्साइड बनवतात. अर्काचा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 425 नॅनोमीटरला शोषण किती ते बघा. तपकिरी-पिवळा अर्क असेल तर उत्तर बहुधा तिथेच निम्मं मिळेल. अर्क देऊन झाल्यावर पेशी हलक्या हाताने धुवा आणि मगच ल्युमिनॉल घाला. धुतल्यावरही प्रकाश कमीच असेल तर पेशीवर परिणाम झाल्याची शक्यता पहिल्यांदा उभी राहते. मग ट्रायपॅन ब्लूने किती पेशी जिवंत आहेत ते मोजा, आणि सायटोक्रोम सी ची चाचणी करा, कारण तिचं उत्तर नॅनोमोलमध्ये मिळतं आणि दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडता येतं. अर्क ज्या द्रावकात आहे त्याचा कंट्रोल वेगळा ठेवा. डीएमएसओ हे द्रावक हायड्रॉक्सिल रॅडिकल टिपतं, आणि पीएमएचा साठाही डीएमएसओमध्येच असतो, हे दोन्ही मिळून प्रमाण किती होतं ते मोजून बघा.

याच्या उलट निकालाबद्दलही सांगतो, कारण तुमच्या नंतरचा विद्यार्थी त्यात अडकेल. अर्काने प्रकाश वाढला तर लगेच ‘रोगप्रतिकारशक्ती वाढली’ असं छापलं जातं. वनस्पतीच्या भुकटीत जिवाणूंचं एंडोटॉक्सिन असणं ही अगदी रोजची गोष्ट आहे आणि न्यूट्रोफिलला प्राइम करायला ते पुरेसं आहे. एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी किंवा निदान ते निकामी करणाऱ्या पॉलिमिक्सिन बी चा कंट्रोल नसताना वाढलेल्या प्रकाशावर विश्वास ठेवू नये. आणि समजा वाढ खरी निघाली, तरी जास्त हायपोक्लोरस आम्ल हे माणसाच्या भल्याचंच असतं असं नाही. तेच रसायन सांध्यात आणि फुप्फुसात आपल्याच ऊतींची नासधूस करतं. कोविडच्या काळात लोक गुळवेल रोज घेत होते आणि मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची मालिका 2021 मध्ये प्रसिद्ध केली. त्यावर वादही झाला. पण एका वेलमधल्या प्रकाशावरून लोकांनी काय खावं हे सांगू नये, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

बालरोग विभागाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला एक मूल आहे. सीजीडीमध्ये ऑक्सिडेजचा एखादा भाग जन्मतःच सदोष असतो. 1957 मध्ये तो मुलांचा जीवघेणा आजार म्हणूनच वर्णिला गेला होता. अशा मुलांना स्टॅफिलोकॉकस, सेरेशिया, ॲस्परजिलस यांचे वारंवार संसर्ग होतात, यकृतात किंवा गाठींत पू होतो. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी देतात, त्यामुळे लशीच्या जागेची किंवा काखेतली गाठ चिघळणं ही पहिली खूण असू शकते. या मुलांच्या पेशींत पीएमए दिल्यावर ल्युमिनॉलचा आलेख जवळपास तळालाच राहतो. पूर्ण रक्त विरळ करून केलं तर थेंबभर नमुना पुरतो, तान्ह्या बाळासाठी हा मोठाच फायदा आहे. आलेख भरभरून वर गेला तर पूर्ण प्रकारचा सीजीडी असण्याची शक्यता फारच कमी होते.

पण आलेख तळाला राहिला म्हणून निदान लिहू नका. एमपीओची जन्मजात कमतरता असलेल्या माणसातही ल्युमिनॉल जेमतेम उजळतं. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत ही कमतरता 2000 ते 4000 माणसांत एकाला आढळते, तर सीजीडी अमेरिकेतल्या अंदाजानुसार 2 लाखांहून जास्त जन्मांत एकाला. एमपीओ नसलेली बहुतेक माणसं धडधाकट असतात. म्हणजे फिकट आलेखामागे निरुपद्रवी कारण असणं अजिबात दुर्मीळ नाही. न्यूट्रोफिल कमी असणं, जी6पीडी या एन्झाइमची फार तीव्र कमतरता, प्रवासात मरगळलेलं रक्त, हीसुद्धा कारणं आहेत. शिवाय प्रकाश ही सगळ्या पेशींची बेरीज. एक्स गुणसूत्रावरच्या सीजीडीची वाहक असलेल्या आईच्या रक्तात काही पेशी पूर्ण चांगल्या आणि काही पूर्ण बंद असतात. ल्युमिनोमीटर त्यांची सरासरी सांगेल आणि ती निरोगी वाटू शकेल. डायहायड्रोऱ्होडामिन (डीएचआर) वापरून फ्लो सायटोमीटरवर केलेली चाचणी पेशी एकेक करून बघते, तिथे अशा आईचे दोन वेगळे डोंगर स्पष्ट दिसतात. म्हणून सीजीडीसाठी डीएचआर हीच मुख्य चाचणी, एनबीटी ही सुपरऑक्साइडने रंग बदलणारी चाचणी तिच्या जोडीला, आणि शेवटी जनुकीय तपासणी. एमपीओच्या कमतरतेत डीएचआरही फसवं कमी येऊ शकतं, अशा वेळी सायटोक्रोम सी किंवा एनबीटी वाद मिटवते.

मुंबईत परळला केईएमच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी जन्मजात प्रतिकारक्षमतेच्या अशा आजारांवर वर्षानुवर्षं काम करते. बालरोग विभागाला तिकडे पाठवा, आणि रक्त कोणत्या नळीत, किती वेळात पोहोचवायचं ते आधी विचारून घ्यायला सांगा. मुलाच्या नमुन्यासोबत नातं नसलेल्या निरोगी माणसाचं रक्त त्याच वेळी काढून त्याच डब्यातून पाठवायला हवं. तोही नमुना मेलेला निघाला तर दोष प्रवासाचा. शक्य असेल तर आईचं रक्तही सोबत द्या. तुमचा ल्युमिनॉल आलेख त्या पत्राला जोडायला हरकत नाही, पण अहवाल म्हणून आईवडिलांच्या हातात देऊ नका.

प्रबंधासाठी आधी पेशीविरहित प्लेट लावा, ती एका दुपारचं काम आहे. तिचा निकाल बघून मग धुतलेल्या पेशींवर पीएमए आणि झायमोसान दोन्ही, ल्युमिनॉल आणि आयसोल्युमिनॉल दोन्ही, प्रत्येकी तीन वेल. ऑक्सिडेज बंद पाडणारं डायफेनिलिन आयोडोनियम घातलेली एक रांग ठेवा, तिथे उरलेला प्रकाश ऑक्सिडेजचा नसतो. माथ्याच्या आकड्याबरोबर माथ्यापर्यंतचा वेळ आणि आलेखाखालचं क्षेत्रफळही लिहा, कारण उशिरा येणारा पण तेवढाच उंच माथा वेगळं काही सांगत असतो. पेशीविरहित प्लेटवरही अर्काने प्रकाश निम्मा केला, तर प्रबंधात ‘अर्काचा ऑक्सिडंट टिपण्याचा गुण’ एवढंच लिहा आणि पेशींबद्दलचं विधान त्यातून काढून टाका, मार्गदर्शकांना तो आलेख दाखवूनच.